परिचारिकेचे हात



आपल्याकडे मूल पानावर बसले की आई पहिल्याने विचारते, "हात धुतलेस का?" ज्या समाजात हा प्रश्न इतक्या लहानपणापासून कानांवर पडतो, त्याच्यापुढे हात धुण्यावर व्याख्यान द्यावयाचे म्हणजे कोकणात जाऊन नारळ विकण्यासारखे आहे. तरीही मी हा विषय घेतला, आणि त्याचे कारण एका आकड्यात सांगता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात असे म्हटले आहे की, श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी सातांना, आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत पंधरांना, रुग्णालयात असतानाच निदान एक तरी नवा जंतुसंसर्ग जडतो. घरून आणलेला रोग वेगळा, हा तेथे मिळालेला. माणूस मांडीचे हाड मोडले म्हणून येतो आणि लघवीच्या नळीतून चढलेल्या तापाने तळमळतो. बाई बाळंतपणासाठी येते, मूल सुखरूप होते, आणि चौथ्या दिवशी टाक्यांत पू धरतो.

हे जंतू येतात कोठून? काही हवेतून येतात, काही पाण्यातून, काही रुग्णाच्या स्वतःच्या अंगावर असतात. पण एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा त्यांचा हमरस्ता म्हणजे माणसाचे हात. आणि रुग्णाला दिवसभरात सर्वांत अधिक वेळा लागणारे हात परिचारिकेचे असतात. डॉक्टर सकाळी येऊन पाहून जातात. नातेवाईक भेटीच्या वेळी येतात. परिचारिका नाडी बघते, कूस बदलते, सुई लावते, भांडे देते, उशी नीट करते. मी या पेशात उभे आयुष्य घालविले आहे, तेव्हा तिच्या हातांविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजते. परंतु हे परिचारिकांपुढे बोलावयाचे सोडून नागरिकांपुढे का, याचे उत्तर हळूहळू पुढे येईल.

गोष्ट व्हिएन्ना शहरातील सार्वजनिक रुग्णालयापासून सुरू करू. तेथे गरीब स्त्रियांसाठी दोन प्रसूतिविभाग होते. १८४० पासून त्यांची अशी वाटणी झालेली होती की, पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणी शिकत. हवा तीच, शहर तेच, येणाऱ्या बायका त्याच वर्गातल्या. कोणत्या वारी यावे त्यावर कोणत्या विभागात जागा मिळणार ते ठरे. आता १८४६ सालचा हिशेब पाहा. सुइणींच्या विभागात ३७५४ बाळंतपणांत १०५ मृत्यू. डॉक्टरांच्या विभागात ४०१० बाळंतपणांत ४५९ मृत्यू. म्हणजे एकीकडे शेकडा तीनहूनही कमी आणि दुसरीकडे शेकडा अकरांच्या वर. हे पुस्तकी विद्वानांना ठाऊक होते तसे शहरातल्या मोलकरणींनाही ठाऊक होते. पहिल्या विभागाच्या वारी आलेल्या बायका गुडघे टेकून, हात जोडून विनवीत, की आम्हांला तेथे नेऊ नका. कित्येक जणी वाटेतच, रस्त्यावर बाळंत होत, आणि आश्चर्य असे की त्या रस्त्यावर बाळंत झालेल्यांना बाळंतज्वर कमी होई.

त्या पहिल्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण हंगेरियन डॉक्टर साहाय्यक होता. त्याने एक एक कारण घेऊन तपासावयास सुरुवात केली. गर्दीमुळे असेल म्हणावे तर गर्दी दुसऱ्या विभागात जास्त. बायका एका विभागात कुशीवर निजून बाळंत होत, दुसऱ्यात उताण्या. ते बदलून पाहिले, फरक नाही. मरणाऱ्या बाईला शेवटचा संस्कार देण्यासाठी पाद्री घंटा वाजवीत वॉर्डातून जाई. त्या घंटेच्या धसक्याने बाकीच्या आजारी पडतात असे कोणी म्हणे. त्याने पाद्र्याला विनंती करून घंटा थांबविली, वाट बदलविली. मृत्यू थांबले नाहीत.

मार्च १८४७ मध्ये त्याचा एक मित्र, कोलेचका नावाचा प्राध्यापक, वारला. शवविच्छेदन शिकविताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याच्या बोटाला लागली होती. मित्राच्या शवपरीक्षेचा अहवाल सेमेलवाइसने वाचला, आणि त्यात त्याला बाळंतज्वराने मेलेल्या बायकांच्या शरीरांत दिसणारीच सर्व चिन्हे आढळली. पुरुषाला बाळंतज्वर! मग त्याच्या ध्यानात आले की त्याचे विद्यार्थी, आणि तो स्वतःही, सकाळी प्रेते फाडून त्याच हातांनी बाळंतिणी तपासावयास जातात. साबणाने हात धूत नव्हते असे नाही. धूत होते, पण हाताला प्रेताचा वास राही. सुइणी प्रेते फाडीत नसत. उलगडा एवढाच होता.

मे १८४७ च्या मध्यास त्याने वॉर्डाच्या दाराशी क्लोरिनच्या पाण्याचे तस्त ठेवविले, आणि त्यात हात धुतल्याखेरीज कोणी आत जावयाचे नाही असा नियम केला. क्लोरिनचे पाणी महाग पडू लागले तेव्हा त्याने स्वस्तातले, आपल्या विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरीच्या जातीचे द्रव्य आणले. त्या एप्रिलमध्ये शेकडा अठरा बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये शेकडा दोनांच्या थोड्या वर. जुलैमध्ये शेकडा एकाच्या आसपास. १८४८ या पूर्ण वर्षात दोन्ही विभागांचा आकडा जवळजवळ सारखा झाला, आणि त्या वर्षाच्या मार्च व ऑगस्ट महिन्यांत पहिल्या विभागात एकही बाई दगावली नाही.

इथवरची कथा पुष्कळांनी वाचलेली असते. यापुढची एक हकीकत सहसा सांगितली जात नाही, आणि परिचारिकेच्या दृष्टीने तीच मला अधिक महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाची एक स्त्री त्या विभागात आली. तिला स्राव होत होता. तपासणीची फेरी जिथून सुरू होई त्या पहिल्याच खाटेवर ती होती. तिला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी नुसत्या साबणाने हात धुतले आणि ते पुढच्या खाटांकडे गेले. पुढच्या बारा बाळंतिणींपैकी अकरा जणी मेल्या. येथे प्रेताचा संबंध नव्हता. जिवंत बाईच्या अंगावरचे विष हातांवरून दुसऱ्या जिवंत बाईच्या अंगात गेले होते. तेव्हापासून सेमेलवाइसने नियम बदलला: दारातून आत येताना एकदा हात धुणे पुरे नाही, प्रत्येक रुग्णानंतर ते धुतले पाहिजेत. आज जगातल्या प्रत्येक वॉर्डात जो नियम आहे त्याचे मूळ या बारा खाटांत आहे.

तरी डॉक्टरमंडळींनी त्याचे ऐकले नाही. त्याच्या आधी, १७९५ मध्ये, स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने कोणत्या सुइणीकडून व कोणत्या वैद्याकडून बाळंतज्वर कोठे गेला याची यादी नावांनिशी छापली होती, आणि त्या यादीत स्वतःचेही नाव घातले होते. त्यापायी त्याला गाव सोडावे लागले. १८४३ मध्ये बॉस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्सने तेच सांगितले. त्याला विरोध करणाऱ्यांत फिलाडेल्फियाचे चार्ल्स मेग्ज हे प्रसूतिशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की वैद्य हा सभ्य गृहस्थ असतो, आपल्या शरीराच्या स्वच्छतेविषयी तो दक्ष असतो, मग त्याच्या हातून रोग कसा जाईल? सेमेलवाइसचाही थोडा दोष होताच. आपले पुस्तक त्याने १८६१ पर्यंत लिहिले नाही, आणि लिहिल्यावर विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हणावयास सुरुवात केली. खुनी म्हटल्यावर कोण हात धुतो? १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून, रक्तात विष भिनून तो मेला. १८७९ मध्ये पाश्चरने पॅरिसच्या सभेत फळ्यावर साखळीसारखे जंतू काढून दाखविले आणि बाळंतज्वराचे कारण हेच असे सांगितले, तेव्हा त्याला जाऊन चौदा वर्षे झाली होती.

मेग्ज साहेबांचे म्हणणे ऐकून आपल्याला हसू येते. पण जरा थांबा. 'सभ्य माणसाचा हात स्वच्छच' हा विचार आपल्याला इतका परका आहे काय? आपले सोवळे-ओवळे दुसरे काय होते? मी सोवळ्याची टवाळी करावयास उभी नाही. ज्या काळी जंतूंचे नाव कोणास ठाऊक नव्हते त्या काळी स्नान, धूतवस्त्र, वेगळा गडू, उष्टे-खरकटे पाळणे यांनी पुष्कळ आजार टळले असतील. परंतु सोवळे प्रश्न विचारते तो 'हा हात कोणाचा?' असा. जंतूला त्याच्याशी कर्तव्य नाही. तो हात आताच कोठे लागला होता आणि यापुढे कोठे लागणार आहे, एवढ्याशीच त्याचे काम. सोवळ्यातल्या आजींनी एकदा स्नान केले की दुपारपर्यंत त्या सोवळ्यातच. मध्यंतरी त्याच हाताने नाक पुसले, ओल्या फडक्याला हात पुसले, तरी सोवळे मोडत नाही. उलट ज्याच्या जातीला शिवावयाचे नाही असे आपण ठरविले, त्याने सकाळपासून दहा वेळा साबणाने हात धुतले तरी त्याचा हात ओवळाच. या हिशेबाने माणसांची मने किती दुखविली गेली तो विषय वेगळा आणि मोठा आहे. मला येथे एवढेच सांगावयाचे, की आरोग्याच्या दृष्टीने तो हिशेबच चुकीच्या खात्यावर मांडलेला होता.

त्याची सर्वांत मोठी किंमत बाळंतिणींनी आणि तान्ह्या मुलांनी मोजली. बाळंतीण विटाळातली, म्हणून तिला अंधारी खोली, जुनेरे, घरातली टाकून द्यावयाची चिंधी. नाळ हाताशी येईल त्या विळ्याने, पात्याने कापावयाची. मग आठवड्याच्या आत मूल दूध ओढीनासे होई, जबडा आवळे, आणि धनुर्वाताने जाई. षष्ठीच्या रात्री आपण सटवीची पूजा मांडतो, जागतो. त्या रात्रीच्या भीतीमागे हाच आजार असावा असे मला नेहमी वाटत आले आहे. पुढे गावोगावच्या दायांना पाच गोष्टी शिकविण्यात आल्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळेवर काही लावावयाचे नाही. त्याच्या जोडीला गरोदरपणी धनुर्वाताची लस आणि रुग्णालयातली बाळंतपणे. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षाही कमी बालकांना तो होतो. आपली आनंदीबाई जोशी ज्या फिलाडेल्फियात शिकावयास गेली ते मेग्ज साहेबांचेच शहर. १८८६ मध्ये तिने तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा. तिचे स्वतःचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते.

आता वॉर्डात चला. उघड घाण लागली की कोणीही हात धुतो. पू, रक्त, शौच यांची किळस माणसाला उपजतच असते. त्यासाठी शिकवण लागत नाही. खरा धोका आहे तो स्वच्छ दिसणाऱ्या कामांत. १९७७ साली इंग्लंडमध्ये एका प्रयोगात असे आढळले की रुग्णाला उचलणे, नाडी पाहणे, रक्तदाब घेणे अशा अगदी साध्या कामांनंतर परिचारिकेच्या हातावर क्लेब्सिएला नावाचे शंभरापासून हजारापर्यंत जंतू येऊ शकतात. हात दिसावयास चकचकीत. वास नाही, डाग नाही. आणि हे जंतू हातावर दोन-अडीच तास जिवंत राहू शकतात. नाडी पाहून हात धुवावयाचे हे मनाला पटणे कठीण आहे, कारण मनाला घाण दिसत नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने हात धुण्याच्या पाच वेळा ठरविल्या आहेत. त्या फळ्यावर लिहून पाठ करण्यापेक्षा एका खाटेपाशी उभे राहून पाहू. सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ आहेत, हाताला सलाईन, लघवीला नळी. सिस्टर त्यांच्याकडे जाते. त्यांना हात लावण्यापूर्वी तिने हात स्वच्छ करावयाचे, कारण सहा नंबरचे काही तिच्या हातावर असेल. ती त्यांची कूस बदलते. आता तिला सलाईनच्या नळीतून औषध द्यावयाचे आहे. येथे पुन्हा हात स्वच्छ करावयाचे. का? रुग्ण तर तोच आहे! पण म्हाताऱ्यांच्या पाठीच्या कातडीवर जे जंतू निरुपद्रवी असतात तेच सलाईनवाटे रक्तात गेले तर प्राण घेतात. मग ती लघवीची पिशवी रिकामी करते. हातमोजे घातले होते तरी काढल्यावर हात स्वच्छ करावयाचे. म्हाताऱ्यांना "बरे वाटते का बाबा?" म्हणून खांद्यावर थोपटून ती निघते; निघताना पुन्हा. आणि समजा तिने म्हाताऱ्यांना हातच लावला नाही, नुसता खाटेचा कठडा सरळ केला, कपाटावरचा पेला उचलला, तरीही पुन्हा, कारण रुग्णाच्या भोवतीच्या वस्तू रुग्णाच्या अंगासारख्याच धरावयाच्या. एका खाटेशी पाच मिनिटांत हात चार-पाच वेळा स्वच्छ झाले.

या पाचांत 'स्वच्छ कामापूर्वी' ही वेळ सर्वांत अधिक चुकते. मुंबईशी संबंध असलेली एक दुर्दैवी घटना त्यासाठी सांगितली पाहिजे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचण्यात आली. लस परळच्या प्रयोगशाळेत डॉ. हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली. एकाच बाटलीतून टोचलेले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. दोष हाफकिन यांच्या माथी आला, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. परंतु त्या दिवशी बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही गोष्ट पुढे आली. हाफकिन निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले. त्याच प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. वॉर्डात चिमटा खाली पडतो तेव्हा नवी मुलगी तो चटकन उचलून पदराला पुसते. तिला मी ही बाटली सांगते.

परंतु भगिनींनो आणि बंधूंनो, आता खरा प्रश्न येतो. हे सारे परिचारिकेला ठाऊक आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ सालीच आपल्या पुस्तकात लिहून ठेवले होते की परिचारिकेने दिवसातून वरचेवर हात धुवावेत. परीक्षेत प्रत्येक मुलगी हे लिहिते आणि गुण मिळवते. मग वॉर्डात हात का धुतले जात नाहीत? उत्तर फार सोपे समजले जाते: आळस, निष्काळजीपणा, आजकालच्या मुलींना कळकळ नाही. मला हे उत्तर कधीच मान्य झाले नाही.

जरा हिशेब करा. समजा एका पाळीत शंभर वेळा हात धुवावयाचे प्रसंग येतात. नळापर्यंत जाणे, साबण लावणे, धुणे, पुसणे, परत येणे, मिळून दीड मिनिट धरा. शंभर वेळांचे अडीच तास झाले. आठ तासांच्या पाळीत अडीच तास नळापाशी! तोवर सलाईन संपतात, म्हातारे खाटेवरून उतरावयास जातात, डॉक्टर हाका मारतात. आणि नळ वॉर्डाच्या एका टोकाला असला, त्याला दुपारनंतर पाणी नसले, साबणाची वडी ताटलीतल्या पाण्यात भिजून लगदा झालेली असली (त्या लगद्यातही जंतू वाढतात), पुसावयाला खुंटीवर सकाळपासूनचा एकच ओला टॉवेल असला, तर? १९९७ साली दोन युरोपीय तज्ज्ञांनी अतिदक्षता विभागातल्या बारा परिचारिकांचा असाच हिशेब मांडला. सर्वांनी सर्व वेळा नियमाप्रमाणे साबण-पाण्याने हात धुतले तर एका पाळीत मिळून सोळा तास नुसते हात धुण्यात जातील. म्हणजे दोन बायांनी पाळीभर दुसरे काही करावयाचेच नाही.

जिनीव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते नावाच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये वॉर्डांत माणसे उभी करून कोण किती वेळा हात धुतो हे मोजून घेतले. गरज असलेल्या शंभर प्रसंगांपैकी अठ्ठेचाळीस प्रसंगीच हात धुतले जात होते. स्वित्झर्लंडसारख्या देशात! त्यांत परिचारिकांचा आकडा बावन्न, आणि डॉक्टरांचा तीस. (सभागृहात डॉक्टर मंडळी बसली आहेत, त्यांनी राग मानू नये.) दुसरी गोष्ट अशी निघाली की काम जितके जास्त तितके हात धुणे कमी; ज्या अतिदक्षता विभागात धोका सर्वांत मोठा, तेथेच आकडा सर्वांत खाली. सेमेलवाइस असता तर त्याने खुनी म्हटले असते. पिते यांनी तसे काही केले नाही. त्यांनी प्रत्येक खाटेशी अल्कोहोलची बाटली टांगली, परिचारिकांच्या खिशात बसेल अशी छोटी बाटली दिली, आणि सांगितले की हात मळलेले दिसत नसतील तर नळाकडे जाऊ नका, हे चोळा. वीस ते तीस सेकंद; तेही चालता चालता. वर्षावर्षाला मोजणी चालू ठेवली आणि निकाल भिंतीवर लावले. १९९७ पर्यंत अठ्ठेचाळीसाचे सहासष्ट झाले. रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १९९४ मध्ये शेकडा सतराच्या जवळ होते ते १९९८ मध्ये शेकडा दहाच्या आत आले. तस्त दाराशी ठेवणे आणि बाटली खाटेशी ठेवणे, दोन्हींत युक्ती एकच आहे. मनुष्याच्या सद्‌बुद्धीवर भिस्त न ठेवता पाणी त्याच्या हाताशी आणून ठेवावयाचे.

या अल्कोहोलाविषयी दोन शब्द. शुद्ध, शंभर टक्के अल्कोहोल सर्वांत मारक असेल असे वाटते, पण जंतूच्या अंगातली प्रथिने मोडण्यास थोडे पाणी लागते. म्हणून शेकडा सत्तर-ऐंशीचे मिश्रण अधिक उपयोगी. जागतिक संघटनेच्या कृतीत शेकडा ऐंशी इथेनॉल, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडे ग्लिसरीन असते. ग्लिसरीन शोभेसाठी नाही. दिवसभर धुऊन परिचारिकेचे हात फाटतात, भेगा पडतात, आणि भेगांत जंतू घर करतात. शिवाय चरचरणारे हात कोण पुन्हा धुणार? मात्र अल्कोहोल सर्वत्र चालत नाही. हात चिकट, मळलेले असतील तर साबण-पाणीच हवे. जुलाब घडविणाऱ्या काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, तेथेही साबण-पाणीच.

हातमोज्यांविषयी फार गैरसमज आहे. २०२० च्या साथीत आपण पाहिले, दुकानदार सकाळी मोजे चढवी आणि त्याच मोज्यांनी दिवसभर नोटा, भाजी, मोबाइल आणि स्वतःचे नाक हाताळी. त्याचे हात स्वच्छ राहत, गिऱ्हाइकांचे काय? मोजा ही घालणाऱ्याची ढाल आहे. रुग्णाच्या दृष्टीने मळलेला मोजा आणि मळलेला हात सारखेच. अंगठ्या, बांगड्या, वाढविलेली नखे यांच्याखाली जंतू लपतात, म्हणून वॉर्डात कोपरापासून खाली काही नको. मंगळसूत्र गळ्यात असते, त्याला कोणाची हरकत नाही. पण बांगड्यांचा प्रश्न आमच्या मुलींच्या घरी किती नाजूक होतो, हे येथे बसलेल्या सासूबाईंनी ध्यानात घ्यावे.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या गावचे रुग्णालय नगरपालिकेचे असो, सरकारी असो, खाजगी असो. तेथे गेलात की औषधे आहेत का, डॉक्टर आहेत का, हे विचारता. आणखी तीन गोष्टी पाहा. वॉर्डात चालू नळ किती खाटांमागे एक आहे. साबण आणि पुसावयाचे कोरडे काही तेथे आहे का. आणि रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका असतात. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' नावाची बक्षीस योजना सुरू केली, तिच्यात संसर्गनियंत्रणालाही गुण आहेत. आपल्या रुग्णालयाला त्यात किती गुण मिळाले हे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. चाळीस रुग्णांमागे रात्री एक मुलगी ठेवून तिने हात धुतले नाहीत म्हणून तिला ठपका देणे याला मी न्याय म्हणणार नाही.

दुसरे, भेटीस जाता तेव्हा. आपल्याकडे आजाऱ्याला भेटावयास सारे गोत जाते. ते प्रेम आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण खाटेवर बसू नये, शेजारच्या खाटेची चौकशी करताना त्या रुग्णाला हात लावू नये, सलाईनच्या नळीला, जखमेच्या पट्टीला हात लावू नये. आत जाताना व बाहेर येताना हात धुवावेत. रात्री सोबतीस राहणारी माणसे तर अर्धी परिचर्या करतात. भांडे देतात, कूस बदलतात, आणि त्याच हातांनी डबा उघडतात. त्यांना कोणीच काही शिकविलेले नसते.

आणि तिसरे, विचारावे. "सिस्टर, हात धुतलेत का?" हा प्रश्न उद्धट नाही. आईने मुलाला विचारलेला प्रश्न आहे तोच. ज्या सिस्टरला त्याचा राग येईल ती बहुधा दमलेली असेल, तेव्हा सूर जरा मवाळ ठेवावा. डॉक्टरांनाही विचारावे. तेथे आमच्या मुलींची अडचण होते. बड्या डॉक्टरांची फेरी चालू असताना, "साहेब, हात," असे म्हणण्याची छाती विशीतल्या मुलीला होत नाही, आणि म्हटलेच तर ते कोणाला आवडेल याचा भरवसा नसतो. रुग्णाच्या नातेवाइकाने विचारले तर मात्र साहेब हसतात आणि बाटलीकडे हात नेतात. तिला जे बोलता येत नाही ते तुम्ही बोला.

वेळ संपत आली आहे. टेबलावर तांब्या, तस्त, साबणाच्या लहान वड्या आणि निळ ठेवली आहे. हात धुताना बहुतेकांचा अंगठा आणि बोटांची टोके कोरडी राहतात. १९७८ साली इंग्लंडात हे प्रयोगाने दाखविले गेले, आणि आपण येथेही दाखवू शकतो. तळहातावर निळीचे पाणी घ्या, रोजच्या सवयीने दोन्ही हात चोळा, आणि पांढरे कोठे राहिले ते पाहा. मग साबणाने तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा मुठीत धरून, शेवटी बोटांची टोके तळहातावर घासून, असे सर्व मिळून चाळीस ते साठ सेकंद. ज्यांना करून पाहावयाचे आहे त्यांनी अध्यक्षांचे भाषण झाल्यावर डाव्या बाजूने वर यावे. निळीने साडीला डाग पडतो, तेव्हा पदर खोचून या.